विचारा की! पेपर तोंडावर आणि मूड ओहोटीला

मार्च आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी कोण प्रेमाचं विचारतं, कोण सासूचं, कोण जागेच्या वाटणीचं, पण ऑक्टोबर आणि मार्च हे दोन महिने फक्त कॉलेजची पोरं आणि त्यांच्या आया. सेमिस्टर संपत आलेली असते, सबमिशनच्या तारखा नोटीस बोर्डावर लागलेल्या असतात आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, ताई अभ्यास करायचाय पण होत नाहीये. यावेळी चार पत्रं घेतलीयत. नावं काढलीत, तालुक्याच्या पुढचं सगळं काढलंय, कारण आपल्याकडे वाडीचं नाव सांगितलं की घर कळायला कितीसा वेळ लागतो.

ताई, मी टीवायबीएस्सीला आहे, केमिस्ट्री. घर गुहागर तालुक्यात खाडीकाठी. सकाळी सहा पन्नासची एसटी, घरी यायला साडेतीन. सेम फाईव्ह, म्हणजे पाचवी सेमिस्टर, चांगली गेली होती त्यामुळे नापास व्हायचं टेन्शन नाहीये. पण जानेवारीपर्यंत मी रोज नीट बसायचे आणि फेब्रुवारी संपल्यापासून काहीच करावंसं वाटत नाही. प्रॅक्टिकलचं जर्नल अपुरं, प्रोजेक्टचं रायटिंग अपुरं, दोन युनिट उघडलेलीच नाहीत. पुस्तक घेते, पाच मिनिटांनी मोबाईल, मग रडू येतं, मग परत मोबाईल. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघितले की तेवढ्यापुरतं अंगात येतं आणि वीस मिनिटात जातं. वर शिमगा, पालखी घरी येणार, मुंबईचे सगळे येणार. बाबांची होडी आहे, ते म्हणतात अभ्यास कर नाहीतर कोलंबी सोलायला बस. मी आळशी झालेय का?

नाही गं, आळशी बिळशी काही नाही. आळशी माणूस एवढं लांबलचक पत्र लिहीत बसत नाही, तो शांत झोपतो.

तुझ्या डोक्यात 'सगळं राहिलंय' हे एकच वाक्य जाऊन बसलंय. सगळं म्हणजे काय? तूच मोजून दिलंयस बघ, जर्नल, प्रोजेक्टचं रायटिंग आणि दोन युनिट. चार गोष्टी झाल्या. पण त्या चारही एकाच टोपलीत भरल्यास आणि रोज पुस्तक उघडलं की ती अख्खी टोपली डोक्यावर येते, मग हात मोबाईलकडे जाणारच, कुणाचाही जाईल. त्यात सेमिस्टरच्या या दिवसांना स्वतःची एक मरगळ असते. सुरुवातीला वही नवी, विषय नवा, हुरूप असतो. पेपरच्या आदल्या आठवड्यात भीती असते, ती पण ढकलते माणसाला. मधल्या या चार-पाच आठवड्यांत ना हुरूप ना भीती, नुसतं ओझं. तू आत्ता बरोब्बर तिथे आहेस.

व्हिडिओंचं तर तू स्वतःच सांगितलंस, वीस मिनिटं. अगं तो जोर त्या बोलणाऱ्याचा असतो, आपला नसतोच, त्यामुळे त्याचा आवाज बंद झाला की जोरही गेला.

आता बाबांच्या होडीवर येते. खाडीकाठच्या पोरीला मी काय भरती-ओहोटी शिकवणार, पण जरा ऐक. तुझे बाबा कधी असं म्हणालेत का, की आज होडी काढायचा मूड लागत नाहीये म्हणून? ते तिथी बघतात. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि मग वद्य प्रतिपदेपासून परत एकपासून मोजायचं. दिवसाला दोन भरत्या दोन ओहोट्या, आणि वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकणार. घड्याळाला घड्याळ लावलं तर थोडं मागेपुढे होतं पण होडी काढायला तेवढं पुरतं. माझे सासरे चौथी शिकलेले, पण झोपेतून उठवून तिथी सांगितली तरी भरतीची वेळ सांगायचे.

आणि ओहोटीला बाबा काय करतात? होडी चिखलात बसलेली असते तेव्हा ती ढकलत बसत नाहीत. ढकलली तर होडी इंचभर सरकत नाही आणि आपली कंबर मात्र धरते. ते जाळं पसरून बसतात, फाटलेलं शिवतात, डिझेलचं बघतात, बर्फाचं बघतात, एक झोप काढतात. ओहोटीही कामाचीच, फक्त तेव्हाची कामं वेगळी.

तू नेमकी ओहोटीला होडी ढकलतेयस. मार्चचं ऊन, एसटीत अर्ध्या वाटेत उभं राहून यायचं, जेवायला चार, आणि हात धुतले की पुस्तक. अगं त्या वेळेला अख्खं कोकण आडवं झालेलं असतं! तू अर्धा तास झोपलीस तर कुणी खाणार नाहीये तुला.

तर तीन दिवस एवढंच कर. एका कागदावर दर तासाला लिहायचं, डोकं चालतंय की नाही. चालत असेल तर भरतीचा भ, नसेल तर ओहोटीचा ओ, बास. चौथ्या दिवशी कागद बघ. कुणाची भरती पहाटे पाचला असते, कुणाची रात्री जेवणं आटपून भांडी झाली की. माझी रात्री दहानंतर असायची आणि आई लाईट बिलावरून ओरडायची. दिवसातून दीड-दोन तास खऱ्या भरतीचे मिळाले तरी खूप झाले, आठ-आठ तास मिळतात म्हणणारे एकतर सीएला असतात नाहीतर थापा मारतात.

त्या दीड तासात फक्त ती दोन युनिट. जर्नल नाही, प्रोजेक्ट नाही, नोट्स सजवणं तर अजिबात नाही. आणि काय करायचं ते आदल्या रात्रीच लिहून ठेव, पण 'उद्या अभ्यास करायचा' असं नको. असं लिही, 'उद्या रात्री जेवण झालं, ताट घासलं की पडवीत बाकड्यावर बसून युनिट तीनमधला पहिला प्रश्न.' कधी, कुठे, काय, तिन्ही पाहिजे. पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये यावर लिहिलेलं आहे, की नुसता निश्चय करणाऱ्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करणार' असं आधीच बांधून ठेवणाऱ्याच्या हातून काम जास्त होतं. कारण सोपं आहे, त्या क्षणाला परत नव्याने ठरवायचं शिल्लकच राहत नाही. ताट घासलं की बाकडं. मूडला कोण विचारतंय.

ओहोटीला जर्नल. जर्नल हे हाताचं काम आहे, डोक्याचं नाही, ते रेडिओ लावूनही होतं. पण ते सगळ्यात आधी संपव, कारण जर्नल सर्टिफाय झालं नाही तर प्रॅक्टिकलला बसायलाच देत नाहीत आणि मग पुढचं सगळं पाणी. रोज दोन प्रयोग उतरवायचे. ग्राफ एका दिवशी सगळे एकदम काढ, पेन्सिल रबर एकदा काढलंच आहे तर.

एसटीत वाचू नकोस, आपल्या वळणांवर वाचलं की मळमळतं आणि तो विषयच नावडता होतो. एसटीत फक्त आठवायचं. काल रात्री काय केलं, त्या रिअॅक्शनची पहिली पायरी काय होती, दुसरी काय. आठवलं नाही की ते तिथेच लक्षात ठेवून कॉलेजला उतरल्यावर बघायचं. आणि कोलंबी सोलायची बाबांनी धमकी दिलीय ना, ती धमकी मानू नकोस. टोपलीभर कोलंबी घेऊन बस, डोकं काढायचं, कवच सोलायचं, पाठीतला काळा धागा ओढायचा, आणि दर कोलंबीला मनात एक व्याख्या. मी गंमत करत नाहीये. हात गुंतलेले असले की मोबाईल धरता येत नाही, आणि वासाच्या हाताने तर तू धरणारच नाहीस.

मोबाईल भरतीच्या दीड तासात माजघरात चार्जिंगला. सायलेंटवर उशाशी ठेवला की तो आपल्याला बोलावतोच.

शिमग्याचं शेवटी मुद्दाम ठेवलं. पालखी घरी येते तो दिवस आणि त्याच्या आदला असे दोन दिवस पुस्तकाला हात लावायचा नाही, लावलास तर मला राग येईल. ते दोन दिवस आत्ताच कॅलेंडरवर लाल करून टाक. दरवर्षी बघते मी, पोरी अंगणात पालखी नाचताना बघत असतात आणि तोंडावर अपराधी भाव, की मी आत्ता अभ्यास करायला हवा होता. अभ्यासही नाही आणि पालखीही नाही असं होतं मग. ओटी भर, संकासुराच्या मागे धाव, मुंबईच्या भावंडांना खाडीवर ने. तिसऱ्या दिवशी ताट घासलं की बाकडं.

मॅडम नमस्कार, मी इंजिनीअरिंग सेकंड इयरला आहे, घर देवगड, हॉस्टेलला राहतो. सेम थ्रीत दोन केट्या लागल्या, म्हणजे दोन विषय राहिले, ते परत द्यायचेत, त्यात एक एम-थ्री, गणिताचा. आता सेम फोरचे पेपर आणि केटीचे पेपर सगळं एकत्र आलंय. रूममेट्स सगळे पुढे गेले असं वाटतं. माझ्याकडे प्रत्येक विषयाच्या पीडीएफ आहेत, प्लेलिस्ट आहेत, सगळ्या डाऊनलोड करून ठेवल्यात, वाचतो पण, दोन-दोनदा वाचून होतं आणि तेव्हा समजल्यासारखं वाटतं पण पेपरात ब्लँक होतो. वडिलांचा फोन येतो, कलमांवर माणूस मिळत नाहीये, 'आंबो तुझ्या परीक्षेसाठी थांबाचो नाय.' त्यांना केटीचं सांगितलेलं नाही. कधीकधी वाटतं सोडून द्यावं आणि बागच बघावी.

आधी पीडीएफवाल्या भागाचं बोलूया, कारण खरा घोळ तिथे आहे असं मला वाटतं.

मी एसवायला असताना, तेव्हा सेमिस्टर नव्हती, वर्षाची एकच परीक्षा, ऑरगॅनिकच्या नोट्स तीन रंगांच्या पेनांनी काढल्या होत्या. निळ्याने रिअॅक्शन, लालने कंडिशन, हिरव्याने नाव. इतक्या सुंदर की मैत्रिणी झेरॉक्सला न्यायच्या. त्या मी किती वेळा वाचल्या असतील, प्रत्येक वेळी वाटायचं हो, हे येतंय मला. पेपरात ३१ पडले. पास व्हायला ३५ लागायचे. आणि गंमत म्हणजे माझ्या नोट्सची झेरॉक्स नेणारी पास झाली, कारण ती बाई झेरॉक्स उलटी ठेवून लिहून बघायची.

ती करत होती त्याला पुढे रीतसर प्रयोगाने दुजोरा मिळाला. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी अमेरिकेत कॉलेजच्या पोरांवर प्रयोग केला. एका गटाने एक उतारा चार बैठकांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत न बघता आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. आणि त्याहून भारी म्हणजे वाचणाऱ्या गटालाच वाटत होतं की आपल्याला जास्त आठवणार! तुझं 'समजल्यासारखं वाटतं' ते हेच. ओळखीचं वाटणं वेगळं आणि स्वतःला येणं वेगळं. हॉस्टेलच्या वॉचमनचा चेहरा तू रोज बघतोस, आता कागदावर काढून दाखव बघू.

म्हणून नवीन काही डाऊनलोड करू नकोस. लायब्ररीतून मागच्या पाच वेळच्या प्रश्नपत्रिका घे, समोर पसर, आणि कुठल्या चॅप्टरवर किती वेळा काय आलंय त्याला पेन्सिलने खुणा कर. अर्ध्या तासाचं काम आहे. मग एम-थ्रीतलं लाप्लासचं एक गणित सोडवलेलं बघ, वही बंद कर, आणि कोऱ्या कागदावर तेच सोडव. अडलास की बघायचं, परत बंद करायचं. एका तासात चार गणितं झाली तरी चालतील, चाळीस पानं वाचण्यापेक्षा ती चार बरी. चीडचीड होईल, डोकं दुखेल, वाचताना जसं गोडगोड वाटतं तसं वाटणार नाही. होऊ दे.

आणि तू देवगडचा आहेस म्हणून सांगते, हापूस झाडावरून कधी काढतात? सोळा आणे पिकल्यावर? चौदा आणे तयार झाला की झेल्याने देठासकट उतरवायचा, मग आढी घालायची, पेंढ्यात तो आपोआप पिकतो. पार पिकेपर्यंत झाडावर ठेवला तर खाली पडणार नाहीतर साका धरणार, म्हणजे आतला गर खराब. तू प्रत्येक विषय सोळा आणे करायला जातोस, पहिल्या चॅप्टरलाच अडकून बसतोस आणि मागचे चार चॅप्टर कैरी राहतात. चौदा आणे झाला की पुढच्या झाडावर जा. केटीच्या विषयात तर बारा आणे झाले तरी मी तुला पेढे देईन. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे वर्गात साठ तास शिकवलेलं असतं, ते सगळं आता दोन आठवड्यांत पुरं होणार नाही हे मान्य करूनच सुरू कर, मग निवडायला सुचतं.

रूममेट्सचं काय पुढे गेलंय ते तुला माहीत नाही. त्यांनी किती केलंय एवढंच ते बोलतात, किती राहिलंय ते कोणी बोलतं का? तू तरी बोलतोस का?

आता वडिलांचं. केटी लपवलीस तर तू दोन अभ्यास करतोयस, एक पेपरचा आणि एक फोनवर काय बोलायचं त्याचा. दुसरा जास्त दमवतो. फोन कर, पण दुपारी तोडणी चालू असताना नको आणि पेट्या भरायच्या गडबडीतही नको, रात्री जेवून झोपाळ्यावर बसले असतील तेव्हा. आधी केटीचं सांग आणि लगेच सांग की अमुक तारखेला पेपर संपतो, त्या रात्रीच्या गाडीने येतो आणि शेवटची तोडणी माझी. तारीख सांगायची, 'बघतो' म्हणायचं नाही. बागायतदाराला तारीख दिली की त्याला समजतं. ओरडतील. मोहोर गळाला तेव्हा पण ओरडले असतील, म्हणून बाग सोडली का त्यांनी?

सोडून द्यावं असं वाटतं त्यावर एक विचारते, आणि खरं उत्तर मला नको, स्वतःला दे. बाग बघावीशी वाटते की फक्त इथून पळावंसं वाटतं? बाग बघणं काही कमीपणाचं नाही, दापोलीला १९७२ पासून अख्खं कृषी विद्यापीठ आहे त्यासाठी. पण तो निर्णय मेमध्ये पेपर झाल्यावर, आंब्याच्या सावलीत बसून घ्यायचा. एप्रिलच्या रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या गच्चीवर घ्यायचा नाही. आणि जर नुसता अभ्यासच नाही तर जेवण, झोप, मित्र कशातच मन लागत नसेल, दोन-दोन आठवडे तसंच चाललं असेल, किंवा नको ते विचार येत असतील तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. माझ्या उत्तराची वाट बघत महिनाभर थांबायचं नाही, त्याच दिवशी लावायचा.

मुलगी एफवायबीकॉमला, श्रीवर्धनला असतो आम्ही. दिवसभर खोलीत, पुस्तक उघडं, पण पान काही पलटत नाही हे मला दारातून दिसतं. विचारलं झाला का अभ्यास तर अंगावर येते. मी बारावी, मला तिच्यातलं काही कळत नाही. आमचा बचत गट आहे त्याचा हिशेब मी लिहिते, त्यापलीकडे आकडे नाहीत. तिला कसं समजवू?

वहिनी, सगळ्यात आधी ते 'झाला का अभ्यास' बंद. त्या प्रश्नाला उत्तरच नाही हो. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर भाषण ऐकावं लागतं, मग पोरगी अंगावरच येणार. त्याऐवजी चहा घेऊन जा, कप ठेवा आणि काही न बोलता परत या. दोन दिवस नुसतं एवढंच. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून काहीतरी बोलेल, बहुतेक चहात साखर कमी आहे असंच म्हणेल, पण बोलेल.

आणि तुम्हाला काही कळत नाही असं कोण म्हणालं? बचत गटाचं रजिस्टर लिहिता म्हणजे जमा कुठे, नावे कुठे, कुणाचा हप्ता थकला, व्याज किती, शिल्लक जुळते की नाही हे दर महिन्याला तुम्ही करता. ती एफवायच्या अकाउंट्सला नेमकं हेच करतेय, फक्त इंग्रजी नावांनी. रजिस्टर घेऊन तिच्याकडे जा आणि खरोखरच विचारा, की बाई हे तुमच्या पुस्तकात कसं लिहितात, मला एकदा दाखव. नाटक म्हणून नको, तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तरच. दुसऱ्याला समजावताना आपल्याला कुठे येत नाही ते तिथल्या तिथे कळतं, तिला चार तास खोलीत बसून कळलं नसेल ते तुमच्या वीस मिनिटांत कळेल. चुकली तर तुम्हाला कळणारच आहे, शिल्लक जुळणार नाही. तेव्हा हसू नका फक्त.

मुंबईच्या नणंदेच्या मुलीचं नाव पेपर संपेपर्यंत घरात काढायचं नाही. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही पण काढत असणार, सगळ्याच काढतात, मी पण काढायचे.

रात्रभर जागून सकाळी पेपर दिला तर चालतं का? माझा मित्र तसंच करतो आणि पास होतो. (एसवायबीए, अलिबाग)

मित्र पास होतो ते त्याने आधी काय केलेलं असतं ते तुला दिसत नाही म्हणून. रात्रभर जागलास तर पहिल्या तासाला सगळं डोळ्यासमोर आणि दुसऱ्या तासाला प्रश्न दोनदा वाचूनही कळत नाही, हे मी सुपरव्हिजन करताना वर्षानुवर्षं बघितलंय, साडेअकराच्या सुमाराला बाकांवर माना पडायला लागतात. दिवसभरात वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत, झोपच काढून टाकलीस तर वाचलेलं राहणार कुठे. आणि जागायला म्हणून रात्री अकराला जी काळी कॉफी पितोस, तिच्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे मग तू एकला झोपायचं ठरवलंस तरी नुसता कूस बदलत पडणार. बारापर्यंत वाच, जे आलं ते आलं, पाचला उठून फक्त तुझ्या हाताने लिहिलेलं एक पान बघ. आणि हॉल तिकीट आज रात्रीच बॅगेत टाक, सकाळी पँटींचे खिसे तपासत बसलास की एसटी वळणावरून गेलेली असते.